कोट आणि अकरावा नियम

आमच्या वकिलांच्या क्रिकेट लीगचे नियम मी लिहिले, हे त्या काळच्या सगळ्यांना माहीत आहे. त्यातला अकरावा नियम एका काळ्या कोटामुळे लिहावा लागला, हेही बऱ्याच जणांना आठवत असेल. तो कोट माझा होता, हे मात्र मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आई होती तेव्हा आईला नाही, ज्यांच्या हाताखाली वकिली शिकलो त्या सिनियरना तर नाहीच. एकाच माणसाला ते सांगावं लागलं नाही, कारण तो पकडला गेला तेव्हा कोट त्याच्या हातावर होता.

आता पन्नाशी जवळ आली. गप्प राहण्याचा शीण येतो, म्हणून लिहितो.

लीग म्हणजे फार मोठं प्रकरण नव्हतं. मुंबई कोणाची यावरून शहर पेटलेलं होतं ती वर्षं. कोर्टात सगळे एकमेकांच्या अंगावर धावून जायचे, बाररूममध्ये चळवळीवरून भांडायचे, आणि त्यातल्याच कोणीतरी सुचवलं, की रविवारी सकाळी जरा खेळू या. चार संघ झाले. एक हायकोर्टवाल्यांचा, म्हणजे आमचा. एक फौजदारीवाल्यांचा. एक भाडेकरू-मालकांचे दावे चालवणाऱ्यांचा, आणि एक सॉलिसिटरांच्या ऑफिसांमधल्यांचा. मैदान परळला, एका गिरणीच्या भिंतीला लागून. चेंडू टेनिसचा, जिमखान्यात वापरून टक्कल पडलेला. खरा चेंडू घ्यावा असं एकदा निघालं होतं, तेव्हा आमचे सिनियर म्हणाले, "पुढचा दात पडला तर सोमवारी युक्तिवाद कोण करणार?" विषय तिथेच मिटला.

पहिले दोन रविवार खेळापेक्षा वादच जास्त झाला. अंपायरनं बोट वर केलं, की फलंदाज बॅट टेकवून उभा राहायचा आणि विचारायचा, "कोणत्या आधारावर?" पायचीतचा एक निर्णय तर गिरणीचा भोंगा होईपर्यंत चालला. क्षेत्ररक्षक खाली बसून शेंगा खात होते. मग मला चिटणीस केलं आणि म्हणाले, "नियम लिहून काढ. अक्षर बरं आहे तुझं."

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो. गिरगावातल्या चाळीच्या गॅलरीत स्टूल टाकून, दोन संध्याकाळी बसून मी दहा नियम लिहिले. त्यांचा मला अभिमान होता, हे कबूल करतो. पहिला नियम असा: आपण बाद झालो हे ज्याला ठाऊक आहे, त्यानं अंपायरची वाट न पाहता निघावं. वकिलांना आवरायला एवढा एकच इलाज मला दिसत होता. दुसरा: अंपायरशी वाद घालायचा असल्यास तो चहाच्या वेळी घालावा. तिसरा: प्रत्येक संघात दोन कारकून असावेत. हा मी मुद्दाम घातला. चौथा: मैदानावर कोणी कोणाला साहेब म्हणू नये. पुढे एक होता, की चेंडू गिरणीच्या भिंतीपलीकडे गेला तर फलंदाज बाद, आणि चेंडू त्यानंच आणावा. आतले कामगार चेंडू परत फेकायचे तेव्हा त्याला कापसाचे तंतू चिकटलेले असायचे. "म्हातारा झाला रे चेंडू," असं आमचा यष्टिरक्षक दर वेळी म्हणायचा, आणि दर वेळी आम्ही हसायचो.

तिसरा नियम ज्याच्यासाठी लिहिला तो आमच्या सिनियरचा कारकून. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. नायगावच्या चाळीत राहायचा. बाप गिरणीत, स्पिनिंग खात्यात. उंच, लांब हातांचा. त्याच सुमारास त्यांच्या घरानं बाबासाहेबांबरोबर धम्म घेतला होता. दिवसा तो आमच्या कागदांवर टाइपरायटर बडवायचा, कोर्टात माझ्या मागून ब्रीफची बॅग आणि हातावर कोट घेऊन चालायचा, आणि सकाळी सातच्या वर्गात कायदा शिकायचा. त्याला सनद काढायची होती. दुसरं काही त्यानं मागितलेलं मला आठवत नाही. "साहेब, एकदा सनद मिळाली की तुमची बॅग तुम्ही धरा, माझी मी धरीन," असं म्हणायचा.

बोलिंग मात्र काही औरच. टेनिसच्या चेंडूला बोटांत धरून असा चिमटा काढायचा, की चेंडू टप्पा पडल्यावर विचार बदलल्यासारखा आत वळायचा. चाळीच्या अरुंद पटांगणात शिकलेली विद्या ती. फौजदारीवाल्यांचा कप्तान, जाडजूड, दर रविवारी पहिल्याच षटकात त्याच्याकडून त्रिफळाचीत व्हायचा आणि स्टंपकडे साक्षीदार फितूर झाल्यासारखा बघायचा. मैदानावर आमचा कारकून मला साहेब म्हणत नसे. "ए, पाय हलव रे! चेंडू काय तुझ्या घरी चहाला येणारेय?" असं ओरडायचा. मला ते ऐकायला फार आवडायचं. आठवड्यातले सहा दिवस मी त्या हाकेची वाट बघायचो.

चहा कोपऱ्यावरच्या हॉटेलातून किटलीनं यायचा, ग्लास हॉटेलचे. दोघेजण घरून आपापले कप आणायचे. का, ते सगळ्यांना कळत होतं. त्याबद्दल एक नियम करावा असं मला वाटलं होतं. केला नाही.

आता कोटाचं सांगतो.

आमचे सिनियर सरकारी वकील होते. चळवळीतल्या खटल्यांत सरकारच्या बाजूनं तेच उभे राहायचे. मी त्यांचा ज्युनियर. मनानं मी चळवळीच्या बाजूचा, पण ते मी गिरगावात बोलायचो, फोर्टात नाही. एका दुपारी तारीख पुढे ढकलली गेली आणि आम्ही दोघं, मी आणि कारकून, कोर्टातून लवकर बाहेर पडलो. फाउंटनकडे लोक जमत होते. जमावबंदी होती, तरी जमत होते. परळ-लालबागहून पायी आलेले गिरणीवाले, डोक्याला रुमाल बांधलेले.

"जाऊन येऊ या?" मी म्हटलं.

"तुमचं काय साहेब, तुम्ही सरकारी," तो म्हणाला. "मी तर जाणारच होतो."

रस्त्याच्या कडेला थांबून मी कोट काढला. काळा कोट घालून त्या गर्दीत दिसलो असतो तर दुसऱ्या दिवशी सिनियरच्या कानावर गेलं असतं. गळ्याचे पांढरे बँड काढून कोटाच्या खिशात कोंबले. मी कोट पुढे करायच्या आधीच त्यानं हात पुढे केला होता. रोजचंच काम होतं त्याचं.

आम्ही घोषणा दिल्या. माझा आवाज फाटला होता आणि मला त्यात फार बरं वाटत होतं. मग पुढून धावपळ आली, लाठ्या दिसल्या, डोळे चुरचुरायला लागले. मी एका इमारतीच्या जिन्यात शिरलो आणि पहिल्या वळणापर्यंत चढलो. तिथून खालचा फूटपाथ दिसत होता. आमचा कारकून तिथेच खाली होता. एका शिपायानं त्याचा दंड धरला होता आणि दुसरा हातावरचा कोट ओढत विचारत होता, "कोणाचाय? बोल, कोणाचाय?"

त्यानं वर पाहिलं. मी त्याला दिसलो. मी एक पायरी मागे सरलो.

यापुढचं खरं तर सगळं त्या एका पायरीचंच आहे.

त्या दिवशी शेकडो लोक धरले गेले. त्यांनी ताठ मानेनं नावं सांगितली आणि आत गेले. याला मात्र त्यांच्यातून वेगळं काढलं. अंगावर साधा सदरा आणि हातात वकिलाचा उत्तम शिवलेला कोट, खिशात बँड आणि फाउंटन पेन. पोलिसांना वाटलं, गडबडीत कोणा वकिलाला लुटलं. कोट कोणाचा, या प्रश्नाला त्यानं उत्तर दिलं नाही. वकील साहेबांचा म्हणाला असता तर पुढचा प्रश्न नावाचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिनियरनीच मला पाठवलं. "आपला माणूस आहे. काय झालंय बघ. आणि कोट कोणाचा म्हणे?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

कोठडीत तो भिंतीला टेकून बसला होता. मला बघून हसला.

"घालून दाखव म्हणाले," तो म्हणाला. "घातला. बाह्या इथपर्यंत." त्यानं कोपराच्या थोडं खाली बोट ठेवलं. "तो जाडा हवालदार म्हणतो, कोट चोरून वकील होणार काय रे? मी म्हटलं, परीक्षा पण देतोय."

मग त्यानं सदऱ्याच्या आतून घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात ठेवला. आमच्या लीगचे दहा नियम. कोटाच्या आतल्या खिशात होते, मी विसरलो होतो. "मुद्देमालाच्या यादीत हे यायला नकोत म्हणून झडतीच्या आधीच काढले. खाली चिटणीस म्हणून तुमची सही आहे."

तो कागद माझ्याकडे अजून आहे. त्याला घामाचे डाग आहेत.

आरोप पोलिस कायद्यातल्या एका किरकोळ कलमाखाली होता. हातात सापडलेल्या मालाचा समाधानकारक खुलासा देता आला नाही, एवढाच. मी त्याला सांगितलं, "कबूल करून टाक. दंड मी भरतो. दुपारी घरी जाशील."

"सनदेच्या वेळी आड येणार नाही ना?"

"छे."

"नक्की ना साहेब?"

"एवढ्या तेवढ्याचं कोण बघतं?"

"तुम्ही म्हणता तर करतो."

कायद्याच्या पहिल्या वर्षातला मुलगाही त्याला म्हणाला असता, कबूल करू नकोस, लढ. लढला असता तर सुटलाही असता. पण लढायचं म्हणजे कोट कोर्टात टेबलावर आला असता. आत गिरगावातल्या शिंप्याची पट्टी शिवलेली होती. शिंपी साक्षीला आला असता, आणि त्यानं आपल्या मापाच्या वहीतलं पान उघडून माझ्याकडे बोट दाखवलं असतं. हे सगळं मी कोठडीच्या गजांशी उभा राहून, तो बोलत असताना, ओळीनं डोळ्यांपुढे पाहिलं. त्याला सल्ला दिला तो वकील म्हणून दिला, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो.

त्यानं गुन्हा कबूल केला. मी दंड भरला. कोट बेवारस माल म्हणून पोलिसांकडे राहिला. मालकानं येऊन न्यावा अशी नोटीस फळ्यावर लागली होती. तिच्या समोरून मी किती तरी वेळा गेलो. आईनं विचारलं, कोट कुठाय, तर म्हटलं, धोब्यानं जाळला. नवा शिवला. दुसऱ्या शिंप्याकडे.

दोन रविवार पावसाशिवायच खेळ बंद होता, शहरात कर्फ्यू असायचा म्हणून. तिसऱ्या रविवारी तो बोलिंगला आला आणि फौजदारीवाल्यांचा कप्तान नेहमीप्रमाणे पहिल्या षटकात गेला. पण या वेळी स्टंपकडे न बघता आमच्या सिनियरकडे बघत गेला. ते लीगचे अध्यक्ष होते. त्याच आठवड्यात गिरगावातल्या एका उपाहारगृहाच्या माडीवर कमिटीची बैठक झाली.

"मी त्याला कोर्टात पिंजऱ्यात उभा राहिलेला पाहिलाय," कप्तान म्हणाला. "चोरीच्या मालात दंड झालेल्या माणसानं मला बाद केलं, हे मी घरी कोणत्या तोंडानं सांगू?"

"तू दर रविवारी बाद होतोस," सॉलिसिटरांपैकी एकजण म्हणाला. "इतके दिवस कोणत्या तोंडानं सांगत होतास?"

सगळे हसले. सिनियर हसले नाहीत. "प्रश्न खेळाचा नाही," ते म्हणाले. "उद्या अशील विचारतील, तुम्ही कोणाबरोबर खेळता. चिटणीस, मसुदा करा."

मी तिथेच, बशी बाजूला सारून, लिहिलं: ज्या इसमास कोणत्याही गुन्ह्याबद्दल शिक्षा झाली आहे, मग ती दंडाची का असेना, तो खेळाडू म्हणून पात्र राहणार नाही.

'मग ती दंडाची का असेना' हे शब्द माझे. कोणी सांगितले नव्हते. मसुदा लिहिताना फट राहू द्यायची नाही ही आमची सवय. ती फट त्या क्षणी त्याला बाहेर पडायला पुरली असती, हे माझ्या लक्षात आलं ते शाई वाळल्यावर. तेव्हाही मी ते शब्द खोडले नाहीत.

मग भाडेकरूंच्या संघातला एक तरुण वकील उठला. "म्हणजे मी पण बाद का? मी सत्याग्रहात महिनाभर आत होतो!"

"तुमची गोष्ट वेगळी," सिनियर म्हणाले.

"वेगळी तर तसं लिहा ना."

म्हणून नियमाला शेपूट लागलं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत झालेली शिक्षा या नियमाच्या कामी शिक्षा समजली जाणार नाही. माडीवर टाळ्या वाजल्या. खालच्या मजल्यावरचा वेटरही काय झालं बघायला वर आला. आणि त्या टाळ्यांत कोणीतरी, कोण ते आठवत नाही, सहज विचारलं, "अरे पण तो कारकूनसुद्धा त्याच दिवशी धरला ना, फाउंटनला? मग त्याचं यात बसतं का?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या ऑफिसातला माणूस तो.

"चळवळीतली शिक्षा आहे का ती?" सिनियरनी विचारलं.

एक वाक्य बोललो असतो तर पुरे होतं. समोर चहा निवत होता. मी म्हटलं, "निकालात तसं काही नाही."

हे खरं होतं. निकालात कोट होता, चळवळ नव्हती.

नियमांच्या स्वच्छ प्रती टाइप करायच्या होत्या, आणि आमच्या ऑफिसात टाइप करणारा तोच. मी कागद त्याच्या टेबलावर ठेवला आणि माझ्या खुर्चीत जाऊन ब्रीफ उघडलं. टाइपरायटर चालू झाला. दहाव्या नियमापर्यंत एका लयीत चालला. मग थांबला.

"साहेब."

"हं?"

"'मग ती दंडाची का असेना' ठेवू, का काढू?"

मी मान वर केली नाही. "ठेव," म्हटलं.

त्यानं टाइप केलं, तीन कार्बन घालून. प्रती कोपरे जुळवून माझ्यापुढे आणून ठेवल्या. एकही चूक नव्हती.

मला वाटलं होतं, आता तो मैदानावर येणार नाही. पुढच्या रविवारी आला. पायजमा-सदरा धुतलेला, हातात टोपी. सिनियरना म्हणाला, "नियमात खेळाडू म्हटलंय. अंपायर म्हटलेलं नाही." सिनियरनी तो कागद मागवून, चष्मा लावून वाचला, आणि त्यांना ते मान्य करावं लागलं. अंपायर व्हायला एरवी कोणी तयार नसायचंच. तेव्हापासून दर रविवारी तो स्टंपांमागे उभा राहायचा. निर्णयावर वाद झाला नाही. कप्तानसुद्धा एकदा म्हणाला, "माणूस चोर असेल, पण बोट सरळ आहे."

त्याच हिवाळ्यात आम्ही फौजदारीवाल्यांशी खेळत होतो. जिंकायला थोड्याच धावा हव्या होत्या आणि मी खेळत होतो. एक चेंडू उसळला आणि माझ्या अंगठ्याला लागून यष्टिरक्षकाकडे गेला. आवाज फारसा झाला नाही. टेनिसचा चेंडू, तो काय आवाज करणार. यष्टिरक्षकानं झेलला. अपीलही अर्धवटच झालं, त्याला स्वतःलाच खात्री नव्हती. पण मला लागलेलं कळलं होतं. अंपायरलाही कळलं होतं, हे मी त्याच्या तोंडाकडे बघितलं तेव्हा समजलं.

त्यानं बोट वर केलं नाही आणि मानही हलवली नाही. नुसता माझ्याकडे बघत राहिला. पहिला नियम त्यानं स्वतः टाइप केला होता. त्याला पाठ होता.

मी बॅटनं खेळपट्टीवर ठोकत राहिलो, जणू तिथे काही उंचवटा होता.

भिंतीपलीकडे गिरणीतले साचे खडखडत होते. मग तो म्हणाला, "नाबाद." आणि हळू आवाजात, "पुढचा चेंडू बघून खेळा, साहेब."

मैदानावर त्यानं मला साहेब म्हटल्याची ती पहिली वेळ. आम्ही जिंकलो. माझ्या पाठीवर थापा पडल्या. मी चहा घेतला नाही, पोट बरं नाही म्हटलं.

लीग पुढच्या वर्षी मोडली. मोठं काही कारण नव्हतं. मैदानावर गिरणीनं कापसाच्या गासड्या ठेवायला सुरुवात केली आणि कोणी दुसरं मैदान शोधलं नाही.

महाराष्ट्र झाला. गिरगावात रोषणाई झाली, आमच्या चाळीनं गॅलरीभर पणत्या लावल्या. आत जाऊन आलेल्यांचे सत्कार झाले. तो भाडेकरूंचा तरुण वकील गळ्यात हार घालून बाररूममध्ये आला, आणि सिनियरनीसुद्धा त्याचा हात हातात घेतला. त्या शिक्षांची आता कोणाला लाज नव्हती, सनद देणाऱ्यांनाही नव्हती. आमचा कारकून त्याच सुमारास शेवटची परीक्षा पास झाला. पेढे घेऊन आला. अर्जाला दोन वकिलांचे वर्तणुकीचे दाखले लागत. एक त्यानं दुसऱ्या कोणाचा आणला. दुसरा माझा.

मजकूर त्यानंच टाइप करून आणला होता. मी अर्जदारास इतक्या वर्षांपासून ओळखतो, प्रामाणिक आहे, कष्टाळू आहे. खाली: अर्जदारास पूर्वी शिक्षा झाली असल्यास तिची परिस्थिती. त्याखाली त्यानं दोन ओळींची जागा कोरी सोडली होती.

"हे राहिलंय," मी म्हटलं.

"ते तुम्ही हातानं लिहा. मला काय लिहायचं ते ठरवता येईना."

त्यानं कागद ठेवला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला, माझ्याकडे पाठ करून. मला सवड मिळावी म्हणून. सिनियर आतल्या खोलीत होते, त्यांचा खोकला ऐकू येत होता. त्या वर्षी मला स्वतःच्या नावावर कामं मिळायला लागली होती. बायकोला दिवस गेले होते. ही कारणं म्हणून सांगत नाही. त्या वेळी डोक्यात हेच होतं, म्हणून सांगतो.

वकिलांची एक रीत असते. सही करण्याआधी कागदावर कुठे कोरी जागा राहिली असेल, तर तिच्यावर तिरकी रेघ मारायची, म्हणजे मागून कोणी त्यात काही भरू शकत नाही. मी त्या दोन ओळींवर रेघ मारली. मग खाली सही केली.

तो वळला, कागद उचलला, बघितला. रेघेवर त्याचं बोट क्षणभर राहिलं.

"बरं," तो म्हणाला.

अर्ज परत आला. शिक्षेच्या परिस्थितीबद्दल समाधान होत नाही, असा शेरा होता. वर्षभरात त्यानं आमचं ऑफिस सोडलं आणि फोर्टातल्याच एका सॉलिसिटरांकडे लागला. आज तिथे मुख्य कारकून आहे. तिथले तरुण वकील मसुदे त्याच्याकडून तपासून घेतात, असं ऐकतो. कोर्टात दिसतो अधूनमधून. मी विचारतो, कसं काय, तो म्हणतो, बरं आहे साहेब. दोघंही जिन्यात फार थांबत नाही.

मागच्या महिन्यात तो स्वतः थांबला. केस पार पांढरे झालेत, हात तसेच लांब.

"परत अर्ज करतोय," म्हणाला. "शेवटचा. पोरं हसतात घरी. म्हणतात, आता या वयात काळा कोट घालून कुठे जाणार बाबा?"

"दाखला?"

"घेतला दोघांकडून."

"माझा नको?"

तो हसला. कोठडीत हसला होता तसाच. "तुमचा आधी घेतलेला आहे ना साहेब," म्हणाला, आणि बॅग दुसऱ्या हातात घेऊन खाली उतरला. बॅग कोणा वकिलाची होती.

मी जिन्यातच उभा राहिलो. सिनियर आता हयात नाहीत. लीगमधले निम्मे गेले, कप्तानही गेला. मला भीती वाटावी असं कोणी उरलेलं नाही, आणि तरी मला हाक मारून त्याला थांबवता आलं नाही. घरी येऊन ट्रंकेतून नियमांचा तो कागद काढला. माझं अक्षर खरंच चांगलं होतं.

त्याच्या अर्जाची मुदत अजून संपलेली नाही. मी त्याला दोन ओळी देणं लागतो, शपथेवर, पूर्ण नावानिशी: त्या दिवशी त्याच्या हातात सापडलेला कोट माझा होता, तो मीच त्याला धरायला दिला होता. त्याला पकडताना मी पाहिलं आणि पुढे आलो नाही. गुन्हा कबूल करायला त्याला मीच सांगितलं, स्वतःला वाचवायला. हे प्रतिज्ञापत्र मी अजून केलेलं नाही.